रिकामी दिसणारी लिफ्ट

मित्रांनो, तुम्ही माझ्यासारख्या कुणाच्या तरी पोटात कितीतरी वेळा उभे राहिला असाल, पण तिच्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. दार लागलं की तुम्ही वर पाहता, आकडे बदलतात का ते बघायला. नाहीतर मोबाइलमध्ये डोकं घालता, नाहीतर स्वतःच्या बुटांकडे बघत बसता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे, थोडी आहे. मी एक जुनी लिफ्ट आहे. एका सहा मजली इमारतीत वर-खाली करण्यात माझा जन्म गेला. आता लवकरच मला उतरवून माझ्या जागी नवी लिफ्ट बसवणार आहेत, असं लोक माझ्याच आत उभे राहून बोलतात. माणसाच्या तोंडावर कोणी असं बोललं असतं का? पण लिफ्टसमोर सगळं चालतं.

मी तुकड्या-तुकड्यांनी इथे आले. कारखान्यातून ट्रक आला, त्यात माझा पोलादी सांगाडा होता, तेल लावलेले जाड दोर होते, गच्चीवरच्या खोलीत बसवायची मोटर होती आणि आतून लावायच्या गुळगुळीत लाकडी फळ्या होत्या. कामगारांनी मला इमारतीच्या मधोमध असलेल्या अंधाऱ्या उभ्या बोळात जोडलं. प्रत्येक मजल्यावर मला एक दार मिळालं आणि प्रत्येक दाराला मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एक अरुंद काच. त्या काचेतून आतला दिवा दिसतो आणि उभं असलेलं माणूस दिसतं. खाली बसलेलं दिसत नाही. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पुढे त्यावरूनच सगळा घोळ झाला.

मी वर जाते तेव्हा माझ्या पाठीमागून लोखंडाचा एक भला मोठा ठोकळा खाली येतो. आमचं वजन सारखं राहावं म्हणून तो असतो. आम्ही दोघं एकाच दोराला बांधलेलो. रोज कितीतरी वेळा मध्यावर समोरासमोर येतो आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने निघून जातो. माझं सगळ्यांत जवळचं नातं ते एवढंच.

सुरुवातीला मात्र मला एकटं वाटलं नाही, कारण तेव्हा लिफ्टमनकाका होते. कोपऱ्यात लाकडी स्टूल टाकून ते बसत. त्यांना नसत्या चौकशा करायची भारी हौस. "काय हो, खोकला गेला का?" "आज डबा दिसत नाही हातात, घरी भांडण झालंय वाटतं?" लोक वैतागायचे, पण दोन मजले चढेपर्यंत सगळं सांगूनही टाकायचे. मुलं शाळेतून आली की काका त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच ओळखायचे की आज गुण कमी पडलेत. मग मुद्दाम एक फेरी जास्त मारायचे, म्हणजे घरी जायच्या आत पोराचं रडणं आटपून जाईल.

पुढे इमारतीच्या कमिटीने मला बटणं बसवली. बटण तर कोणीही दाबू शकतं, मग त्यासाठी एक माणूस कशाला, असं ठरलं आणि काका गेले. त्यांचं स्टूलही गेलं. मग लोक म्हणायला लागले, लिफ्ट फार हळू चालते. अहो, मी पूर्वीही तशीच चालत होते, फक्त तेव्हा गप्पांत कळत नव्हतं. त्यावर सेक्रेटरींनी उपाय शोधला आणि माझ्या मागच्या भिंतीवर आरसा लावला. तक्रारी बंद झाल्या. प्रत्येक जण केस सारखे करण्यात गुंतला. माझ्या आत तेव्हापासून जी शांतता पसरली, ती पुढे कितीतरी वर्षं तशीच राहिली. ती मोडली फक्त पाचव्या मजल्यावरच्या रेडिओने.

रेडिओ म्हणजे एक मुलगी. तिचं हे नाव तिच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरकाकांनी ठेवलं होतं. बसमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड चालू असायचं आणि काका म्हणायचे, "अरे, कोणीतरी या रेडिओचा आवाज कमी करा रे!" हळूहळू सगळी इमारत तिला त्याच नावाने हाक मारू लागली. तिचे बाबा जहाजावर काम करायचे आणि सहा-सहा महिने घरी नसायचे. आई हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. सकाळी उपाशीपोटी आलेल्या पेशंटचं रक्त काढायचं काम तिचं, त्यामुळे ती भल्या सकाळी घराबाहेर पडायची. सुई टोचायची, बाहेर काढायची आणि पेशंटला वेळ न देता म्हणायची, "झालं, संपलं!" माणूस घाबरायच्या आत काम फत्ते. ही सवय तिला इतकी लागली होती की घरीही मुलीचं गुडघ्याचं खरचटणं असो की मैत्रिणीशी झालेली कट्टी असो, आईचं औषध एकच. "झालं, संपलं! चल, जेवायला बस."

रेडिओ माझ्यात एकटी असली की आरशासमोर नकला करायची. मुख्याध्यापिकाबाई, सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावरची तिची मैत्रीण टिंगू, आणि ड्रायव्हरकाका. काकांची नक्कल तर फक्कड. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याने घाम पुसत, "बसा गं बायांनो, विमान सुटतंय!" मी हसू शकत नाही, पण माझे दोर थोडे थरथरले असतील तर मला ठाऊक नाही.

मग एके दिवशी ती माझ्यात आली आणि तिने आरशाकडे पाठ केली. पाचव्या मजल्यापर्यंत तिने तोंड उघडलं नाही. मला वाटलं, घसा बसला असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. काय झालं होतं ते मला पुढे तिच्याच तोंडून कळलं, आणि इतक्या वेळा कळलं की मला ते पाठ झालं.

ड्रायव्हरकाका वारले होते. सुट्टीतच आजारी पडले आणि गेले. शाळा उघडल्यावर मैदानात सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. काकांची बायको, म्हणजे काकू, मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. सगळ्यांच्या माना खाली. एवढ्यात कवायतीच्या सरांनी पाय हलवला आणि त्यांचा नवा बूट कुईं करून वाजला. रेडिओच्या तोंडून फिस्सकन हसू बाहेर पडलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी ते थांबेना. मागून कोणीतरी म्हणालं, "लाज नाही का वाटत तुला?"

झालं ते एवढंच. तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? माणसाला नको तिथे हसू येतं. फार ताण आला की हसू येतं, रडू यायच्या ऐवजी. माझ्या आत अडकलेली मोठमोठी माणसंसुद्धा घाबरून खिदळताना मी पाहिली आहेत. पण हे रेडिओला सांगणार कोण? तिने ते कोणाला सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तिच्या सकाळी बदलल्या. आई कामाला गेली की ती घरच्या फोनवरून शाळेत फोन करायची आणि हुबेहूब आईच्या आवाजात सांगायची, "हो, ताप आहे अजून." त्याची तालीम ती आदल्या संध्याकाळी माझ्यात करून घ्यायची, आरशाकडे पाठ करूनच. टिंगूला सांगायची, "तू हो पुढे, मी येते." मग गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून ती माझ्यात यायची, तळमजल्याचं बटण दाबायची. खाली फाटकाशी बस उभी असायची. बसमध्ये आता नवा ड्रायव्हर. रेडिओ दाराला हात लावायची आणि तिचा हात तिथेच थांबायचा. मग ती सहाव्या मजल्याचं बटण दाबायची, खाली फरशीवर बसायची आणि गुडघ्यांत डोकं घालायची. बस निघून जायची. आम्ही वर जायचो. मग खाली. मग पुन्हा वर.

"मी हसले," ती पुटपुटायची. "सगळे गप्प उभे होते आणि मी हसले. काकूंनी ऐकलं असणार. ऐकलंच असणार. कोण हसतं असं? मी का हसले?" तोवर सहावा मजला यायचा. बटण. खाली उतरताना पुन्हा पहिल्यापासून सुरू. "मी हसले. काकूंनी ऐकलं असणार..."

मित्रांनो, वर-खाली करणं मला नवीन नाही. माझं कामच ते. पण मी जिथे थांबते तिथे कोणीतरी उतरतं, कोणीतरी चढतं, भाजीची पिशवी घरी पोचते, पाहुणा परत जातो. रेडिओच्या डोक्यात जे वर-खाली चाललं होतं, त्यातून कोणीच उतरत नव्हतं. तिला वाटायचं, आपण विचार करतोय, आणि पुरेसा विचार केला की कधीतरी उत्तर सापडेल. पण तोच प्रश्न रोज घासून घासून आणखी टोकदार होत होता. आणि त्याच्या जोडीला नवे येऊन बसत होते. मला कुणाचं दुःख कळतच नाही. मी वाईटच आहे, फक्त आधी कोणाला कळलं नव्हतं. टिंगूलाही मी आवडत नसणार, ती उगाच बरोबर राहते.

टिंगू तर तिच्यासाठी जीव टाकत होती. एकदा दोघी माझ्यात एकत्र सापडल्या. टिंगू म्हणाली, "काय झालंय तुला? खरं सांग ना."

"काही नाही. अंगात कणकण आहे."

"रोज?"

"रोज असते कुणाकुणाला."

टिंगू तिसऱ्या मजल्यावर उतरली, दार धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग गेली. रेडिओ लगेच खाली बसली. "बघ, चिडली ती," असं स्वतःला म्हणाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, ती चिडलेली नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. पण मला फक्त मजल्याचे आकडे दाखवता येतात.

कोणी मला बोलावलं की रेडिओ चटकन उठून उभी राहायची, स्कर्ट झटकायची, हसायची. "शाळेत उशीर झाला वाटतं आज?" असं कोणी म्हटलं की म्हणायची, "हो ना, घोटाळाच झाला!" दार लागलं की हसू गेलंच. त्या सहा मजल्यांच्या इमारतीत तिला रोज निदान पाच-सहा माणसं भेटत होती. लिफ्टमनकाका असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी तिचं ढोंग पकडलं असतं. पण ते नव्हते, आणि त्यांच्या जागी आरसा होता.

इकडे इमारतीत वेगळाच गोंधळ सुरू झाला होता. पहिल्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी दारात पेपर वाचत बसायचे. त्यांनी काचेतून पाहिलं की मी दिवा लावून वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते आणि आत कोणी नाही. त्यांनी सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरींनी चष्मा पुसून पाहिलं. रिकामी! वॉचमनने पाहिलं. रिकामी! खाली बसलेली मुलगी काचेतून दिसणार कशी? झाली की मीटिंग. कोणी म्हणालं, वायरिंग बिघडलं. कोणी म्हणालं, बटणात ओल गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई हळूच म्हणाल्या, "मला तर हे काही चांगलं लक्षण दिसत नाही हो," आणि त्यानंतर त्या जिन्याने जाऊ लागल्या. गुडघे दुखत असूनही.

मग मेकॅनिक आला. हा गडी मला आवडायचा, कारण तो माझ्याशी बोलायचा. "काय बाई, काय होतंय तुला?" असं विचारत त्याने माझं झाकण उघडलं, सगळ्या तारा तपासल्या. त्याला काही सापडलं नाही. तरी कमिटीने माझी सगळी बटणं बदलायला लावली. चांगली धडधाकट बटणं होती माझी! मला फार राग आला. पण त्याहून मला नवल वाटलं. लिफ्टला काय झालंय, याची इतकी चर्चा झाली, आणि त्या मीटिंगला पाचव्या मजल्याहून कोणी का आलं नाही, हे कोणी विचारलं नाही. रेडिओची आई तेव्हा कामावर होती. आणि रेडिओ जिन्यावर बसून ती सगळी मीटिंग ऐकत होती. "माझ्यामुळे यांना किती त्रास," तिच्या यादीत आणखी एकाची भर.

बटणं बदलूनही मी रिकामी फिरतेच आहे म्हटल्यावर कमिटीने ठरवलं की शाळा-ऑफिसची गर्दी ओसरली की मला बंद करायचं आणि मेकॅनिकने वरच्या खोलीत मोटर खोलून पाहायची. ठरल्या दिवशी वॉचमन स्विचच्या खोक्यापाशी उभा राहिला. मी खाली आले. त्याने काचेतून आत पाहिलं, आत कोणी नाही. मी पुन्हा वर निघाले. "बघा, परत रिकामीच निघाली!" असं बडबडत तो खोक्यापाशी परत गेला आणि त्याने रागाने खटका ओढला.

मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबले. दिवा गेला. भर सकाळी माझ्या आत मिट्ट काळोख झाला.

माझ्या बटणांच्या खाली एक लाल बटण आहे, धोक्याच्या घंटेचं. ते बॅटरीवर चालतं. रेडिओला ते माहीत होतं, तिने चाचपून त्यावर बोटही ठेवलं. मी वाट पाहत राहिले. दाब, पोरी, दाब. आणि तिने बोट काढून घेतलं. "सगळे येतील," ती म्हणाली. "म्हणतील, हीच होती रोज. परत माझंच. नकोच." ती कोपऱ्यात सरकली आणि काळोखात तिचं ते पुटपुटणं सुरू झालं. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "मी नसतेच तर कोणाला काही त्रास झाला नसता."

माझा जीव तर कायमचाच टांगणीला असतो, पण त्या दिवशी मला खरी भीती वाटली. मला हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. घंटा माझीच होती आणि मला वाजवता येत नव्हती. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि ती माझ्या पोटातच बसली होती.

वर मेकॅनिक कामाला लागला. मी मजल्यावर नाही, अधेमधे लटकते आहे, हे त्याच्या लक्षात आलं. वीज नसली की मोटरचं मोठं चाक हाताने फिरवून मला हलवता येतं. ते फिरवायला तो वाकला तेव्हा माझे दोर जिथून जमिनीतून खाली येतात त्या भोकातून त्याला आवाज आला. तो थबकला.

"कोण आहे आत?" त्याने खाली तोंड करून विचारलं.

पुटपुटणं बंद झालं.

"अगं, कोण आहेस तू? घाबरू नको. चाक हळूहळू फिरवतोय मी. थोडं हललं तर घाबरायचं नाही. ऐकू येतंय ना?"

काळोखातून बारीक आवाज वर गेला, "हो."

"शाब्बास. बोलत राहा काहीतरी, म्हणजे मला कळेल तू ठीक आहेस."

"काय बोलू?"

"काहीही बोल. मी काही परीक्षा घेत नाही."

रेडिओने बोलायला तोंड उघडलं. मग ती रडायला लागली, मोठ्याने, हुंदके देत. वर मेकॅनिकने चाक फिरवता फिरवता म्हटलं, "चालेल. हेही चालेल."

चौथ्या मजल्यावर त्याने मला आणून लावलं आणि धावत खाली येऊन दार उघडलं. वॉचमनही आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे बापरे! मी आत बघितलं होतं हो! आईशप्पथ बघितलं होतं, कोणी नव्हतं." मेकॅनिकने त्याला पाणी आणायला आणि मुलीच्या आईला फोन करायला पाठवलं. स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. त्याने काही विचारलं नाही, मोबाइल काढला नाही, की निघून गेला नाही. आई येईपर्यंत तो तिथेच होता.

आई जिना चढून आली ती पांढरा कोट घालूनच. "शाळेत का नाही गेलीस? कधीपासून चाललंय हे? काही लागलं का? माझ्याशी खोटं बोललीस?" असे चार प्रश्न एका दमात विचारून ती मुलीसमोर, माझ्या फरशीवर, मांडी घालून बसली. मग रेडिओने सांगितलं. मान खाली घालून, तुटक तुटक. शांतता, बूट, हसू, काकू.

आईने सुटकेचा श्वास टाकला. तिला काहीतरी भयंकर वाटलं होतं. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढंच ना? अगं वेडे, झालं, संपलं! विसरून जा आता."

"नाही संपलं, आई," रेडिओ म्हणाली. "तू म्हणतेस संपलं, पण माझं संपत नाही. रोज होतं ते. आताही होतंय."

आईचा हात तिच्या केसांतच राहिला. एवढी वर्षं तिने किती हातांतून सुया काढल्या असतील. ही सुई आत राहिली होती आणि ती वरून कापूस दाबत होती. मी आईचा चेहरा आरशात पाहत होते. तो हळूहळू बदलला.

"बरं," ती म्हणाली. "परत सांग. सावकाश. मी मध्ये बोलणार नाही."

रेडिओने परत सांगितलं. हसले, इथपर्यंत आली आणि लगेच पुन्हा सुरुवातीला गेली. "आणि सगळे गप्प उभे होते..."

"ते सांगितलंस. हसलीस. त्याच्यानंतर काय झालं?"

"त्याच्यानंतर?" रेडिओने वर पाहिलं. इतक्या फेऱ्यांत तिने हा भाग कधी सांगितला नव्हता. मलाही तो माहीत नव्हता. "त्याच्यानंतर मी पळाले."

"कुठे?"

"फाटकाकडे. बस उभी होती तिथे. दार उघडं होतं, म्हणून आत गेले."

"मग?"

"काकांच्या सीटवर बसले." ती थांबली. "त्यांची ती उशी अजून तिथेच होती. पाठीला लावायचे ती. मी ती धरून... आई, मी खूप रडले तिथे. खूप वेळ. घंटा झाली तरी." तिचा आवाज फुटला. "मी विसरलेच होते गं हे."

 आईने पोरीला जवळ ओढलं आणि दोघी माझ्या फरशीवर बसून रडल्या, ड्रायव्हरकाकांसाठी. रेडिओ त्यांच्यासाठी पहिल्यांदाच कोणाच्या तरी सोबत रडत होती. आतापर्यंतचे तिचे सगळे दिवस स्वतःला शिक्षा करण्यात गेले होते. जिन्यावरचा मेकॅनिक नाक पुसत उगाच आपली हत्यारं साफ करत बसला.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं, पण तसं होत नाही. आई तिला समुपदेशनाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन जाऊ लागली. येता-जाता त्या दोघी माझ्यात बोलायच्या, त्यातून मला कळायचं. तोच विचार डोक्यात घोळत राहणं हा आजार अनेक मुलांना गाठतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. विचार आला तर त्याला हाकलत बसायचं नाही. तो आलाय असं म्हणायचं, कोणालातरी सांगायचं आणि हातातलं काम सोडायचं नाही. कधी हे जमायचं, कधी नाही. दोन-तीनदा ती पुन्हा माझ्या फरशीवर येऊन बसली. पण आता ती फार वेळ एकटी राहत नसे. तिसऱ्या मजल्यावर दार उघडायचं आणि टिंगू आत येऊन शेजारी बसायची. "आलाय का?" टिंगू विचारायची. "आलाय," रेडिओ म्हणायची. "बरं, त्यालाही घे बरोबर. पण बस चुकली तर मी तुला सोडणार नाही." आणि दोघी, तो विचार धरून तिघं, खाली उतरायचे.

मग एका संध्याकाळी काकू आल्या. रेडिओनेच त्यांना बोलावलं होतं. ती त्यांना घ्यायला तळमजल्यावर जाऊन उभी राहिली. घरी गेल्यावर सांगायचं असं ठरलं होतं, पण पहिला मजला ओलांडायच्या आतच ती बोलून गेली, "काकू, त्या दिवशी शांततेत मी हसले होते. मला माफ करा."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मी माझी चाल आणखी हळू करू शकले असते तर केली असती.

"ऐकलं होतं मी," काकू म्हणाल्या. "खोटं नाही बोलणार. त्या वेळी वाईट वाटलं."

रेडिओचं तोंड पांढरंफटक पडलं.

"पण घरी गेले तर नळाला पाणी येऊन गेलेलं, घरात माणसं बसलेली, यांचे कपडे दोरीवर तसेच. त्यात मला कुठलं तुझं हसणं आठवायला! ते त्या दिवशीच गेलं बघ माझ्या मनातून." मग त्यांना शंका आली. "तू काय, अजून तेच धरून बसली होतीस?"

रेडिओने मान डोलावली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि तिचा हात धरला. पाचवा मजला आला तरी त्यांनी तो सोडला नाही.

आता माझं बोलणं आटोपतं घेते. नवी लिफ्ट येईल, तिला कॅमेरा असेल. आत कोण आहे ते दिसेल, असं म्हणून सेक्रेटरी खूश आहेत. पण एखादं माणूस उभं असलं, हसत असलं, तरी ते आत कुठेतरी खाली बसलेलं असू शकतं, आणि तिथवर काच पोचत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या शेजारी कोणी अचानक गप्प झालं तर विचारा. "काही नाही" म्हटलं तर उद्या पुन्हा विचारा. आणि खाली बसलेले तुम्ही स्वतःच असाल तर ते लाल बटण दाबा, मित्रांनो. आई असेल, मैत्रीण असेल, शिक्षक असतील, डॉक्टर असतील, ज्याला ऐकू जाईल त्याला हाक मारा. कोणाला त्रास होईल याची काळजी करू नका. घंटा त्याचसाठी लावलेली असते.

परवा सकाळी मी तळमजल्यावर रिकामी उभी होते, खरोखरच रिकामी. जिन्यावरून धाडधाड पावलं उतरत आली. पाचव्या मजल्यापासून आवाज येत होता, तोंडाची टकळी चालू, मध्येच नव्या ड्रायव्हरची नक्कल, आणि तिसऱ्या मजल्यापासून त्यावर टिंगूचं खिदळणं. लिफ्टची वाट कोण बघत बसणार, असं काहीतरी म्हणत दोघी माझ्या दारासमोरून पळाल्या. रेडिओने जाता जाता टाचा उंचावून काचेत पाहून केस सारखे केले आणि फाटकाबाहेर गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. ती आता जिन्यानेच जाते. मला तिच्याशिवाय फार एकटं वाटतं, आणि तिने माझ्याकडे परत कधी येऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.